कडेचे दिवे

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातले एक जुने यंत्र आहे. माझे पोट आतून पांढरेशुभ्र आणि खोलगट, म्हणून इथले सगळे मला 'वाडगा' म्हणतात. माणूस माझ्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघतो. मी कडेला बारीक दिवे लावते. दिवा दिसला की त्याने हातातली कळ दाबायची.

माझ्या उमेदीच्या काळात बाहेर रांग लागे. आता शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आहे, त्याचा रुबाब मोठा. ते बिघडले की मात्र सगळ्यांना माझी आठवण होते. मला त्याचे काही वाटत नाही. खरे सांगायचे तर थोडे वाटते.

अशाच एका सकाळी एक बसचालक काका बायकोला घेऊन आले. कडेचे दिसत नाही असे ठरले, तर त्यांची बस चालवायची नोकरी जाणार होती. त्यांनी कळ अशी आवळली की मलाच धडकी भरली. एकही दिवा चुकू नये म्हणून ते डोळे ताणून बसले आणि कडेचे निम्मे दिवे हुकले. माझ्या निकालाच्या कागदावर हुकलेल्या जागी चहूकडे काळे डाग उमटले. काकांचा चेहरा पडला.

तपासणाऱ्या ताई पेन टेबलावर ठेवून तो कागद निरखू लागल्या. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "घरी मी समोर उभी असले तरी यांना दिसत नाही. नातवाने खाऊच्या डब्यात हात घातला, की पाठमोरे असूनही कळतं."

काकांना हसू आवरेना. त्याच वेळी ताईंच्या कोपराने पेन घरंगळले, आणि काकूंकडे बघता बघताच काकांनी ते अलगद झेलले.

ताई पेनाकडे बघत राहिल्या. "काका, पुन्हा बसा. आणि सगळे दिवे कुणालाच दिसत नसतात. काही इतके मंद असतात की सुटणारच. सुटू देत."

"आधी सांगायचं ना, ताई. मी आपला परीक्षा समजून बसलो."

"चुकलंच माझं."

या वेळी काकांचे खांदे सैल होते. मी कोपऱ्यातला दिवा लावावा आणि त्यांनी कळ दाबावी, असा आमचा छान सूर जमला. कागद स्वच्छ आला. डॉक्टरांनी त्यावर सही केली. मला फार आनंद झाला.

भीतीने नजर आक्रसते, हे मी कितीदा पाहिले आहे. म्हणून सांगते मित्रांनो, मला मऊ फडक्याने जरूर पुसा. पण घाबरलेल्या माणसाला माझ्यापुढे बसवण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा. त्या दिवशी मी एकटेच असते, तर एका चांगल्या चालकाला घरी बसवले असते.