चाळीस किलोच्या आतली रांग

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि आकड्यांशिवाय मला बोलता येत नाही. तेव्हा आधी हिशेब ऐका. दुष्काळावरच्या त्या ऐतिहासिक चित्रपटासाठी नायकाने बारा किलो उतरवले, तर त्याला मोठं पारितोषिक मिळण्याजोगं होतं. गर्दीत उभं राहायला आलेल्या एका शिलाईवालीने दोन किलो उतरवले, तर तिला तीस दिवसांचं काम मिळणार होतं.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यातला. तरुणपण धान्याच्या कोठारात पोती तोलण्यात गेलं. तिथे लबाड पुष्कळ पाहिले. कुणी पोत्यात खडे भरी, कुणी हळूच माझ्या फळीवर पायाचा अंगठा टेकवी. पुढे नवे काटे आले, मी अडगळीत गेलो, आणि एके दिवशी चित्रपटवाल्यांनी मला उचलून नेलं. वाटलं, म्हातारपणी नशीब उघडलं. त्यांनी मला कपडेपटाच्या खोलीत आरशाशेजारी उभं केलं आणि माझ्यावर माणसं चढवली.

नियम दिग्दर्शकाचा. गर्दीतल्या माणसांचं दर सोमवारी वजन करायचं. बाई चाळीस किलोच्या आत भरली, तर पुढच्या रांगेत, तीस दिवस. जास्त भरली, तर मागच्या रांगेत तीन दिवस आणि मग घरी, फार तर पुढच्या सोमवारी पुन्हा चढून बघायचं. चष्मेवाला सहायक दाराच्या पाठीवर खडूने आकडे मांडी. जन्मभर वजन वाढवणारे चोर पाहिले, इथे घटवणारे पाहिले. चपला काढत, कानातलं काढत, केसांतल्या पिनासुद्धा काढत. एकीने तर चढण्याआधी नाक शिंकरलं. "तेवढंच हलकं," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

शिलाईवाली पहिल्या सोमवारी बेचाळीस भरली. तिचं दुकान बसलं होतं. घरी म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी लेक.

"दोन किलोचं काय घेऊन बसलात दादा," ती सहायकाला म्हणाली, "याहून जास्त तर मी शिवणीत दाबते. पुढच्या सोमवारी बघा."

आता गंमत बघा. जेवण कुणी बंद केलं नव्हतं. दुपारी अंगणात पातेली उतरत, भात, डाळ, दोन भाज्या. आचारी पळी घेऊन उभा, आणि पुढे येणारं कुणी नाही.

"ताई, माझ्या अन्नाला वास येतो का?" त्याने विचारलं.

"येतो ना, फार छान येतो. तेच तर दुखणं आहे," शिलाईवाली म्हणाली. "खाल्लं की मागची रांग."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर घरी दोघी खातात."

भरली पातेली परत जात आणि कुंपणामागे ओतली जात. दुष्काळ दाखवण्यासाठी एवढं अन्न नासलेलं मी कोठारातही पाहिलं नव्हतं.

नायकाचा थाट वेगळा. त्याला आहारतज्ज्ञ, डॉक्टर, मोजलेले बदाम. सकाळी टॉवेल गुंडाळून तो माझ्यावर चढे, आणि किलोभर उतरला की सगळे टाळ्या पिटत. त्याच्याबरोबर माझाही फोटो छापून आला. खोटं कशाला बोलू, मीही फुगलो होतो.

दुसऱ्या सोमवारी शिलाईवाली साडेएकोणचाळीस भरली. पुढची रांग मिळाली, पण घासागणिक ती रांग सुटण्याची धास्ती बसली. तिसऱ्या सोमवारी भरली छत्तीस.

त्याच दुपारी धान्यवाटपाचं दृश्य होतं. जुन्या काळचा काटा हवा, म्हणून मलाही अंगणात मांडलं. शिलाईवाली रांगेतून पुढे आली, तिने माझ्यासमोर ओंजळ धरली आणि कोसळली. डोकं माझ्या कडेवर आपटलं. दिग्दर्शकाने हात वर केला. "कॅमेरा चालू राहू दे. वा, काय पडली बाई." मिनिटभर कुणी जागचं हललं नाही. आचारीच पळी टाकून धावला.

"अहो, दृश्यात शिरू नका," सहायक म्हणाला.

"मग तुम्ही शिरा. भोवळ आलीय तिला, दिसत नाही?"

पाणी पाजलं, ती उठून बसली. तर दिग्दर्शकाचा निरोप आला: ताईंना पुन्हा तसंच पडता येईल का, जरा डावीकडून? ती पडली. पण ते पडणं खोटं दिसलं, म्हणून पहिलंच ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी तिला काढलं.

"साहेब म्हणतात, ताई आता आजारी दिसतात," सहायक जमिनीकडे बघत म्हणाला. "आपल्याला भुकेल्या दिसणाऱ्या हव्यात."

"म्हणजे उपास जरा जास्तच झाला म्हणा की," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. तिसापैकी आठ दिवस भरले होते.

चित्रपट लागला. लोक रडले म्हणे, नेमके त्या पडण्यावर. पारितोषिक नायकाला मिळालं. मग फोटोसाठी तो पुन्हा एकदा माझ्यावर चढला, आणि त्यानंतर मी इथे अडगळीत, मोडक्या खुर्च्यांखाली.

मित्रांनो, माझा गंज पुसा असं मी म्हणत नाही. लोखंडाला गंज चढायचाच. पण पडद्यावरच्या उपासाला टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा, की त्या दिवशी कोण कोण जेवलं होतं. ज्याला कामाला उभं कराल, त्याला आधी पोटभर वाढा, आणि त्याने निर्धास्त खावं असंच काम द्या.

शेवटचा जमाखर्च मांडतो. नायकाने बारा किलो दिले आणि चौदा परत घेतले. दिग्दर्शकाचं गुंजभरही गेलं नाही. शिलाईवालीने सहा किलो दिले. ते तिच्या अंगावर परत आले की नाही, हे तोलून पाहायला तिला कुणी बोलावलंच नाही.