हुंदक्याला जागा

माझ्या पुस्तकाचं परीक्षण वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धर्मशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि ही कालची पोर, माझ्याच विद्यार्थ्याची विद्यार्थिनी, भर नियतकालिकात मला शिकवणार? लिहिते काय, तर 'देवाचं वकीलपत्र घेण्याच्या घाईत लेखकाने शोक करणाऱ्याला रडायलाही वेळ दिलेला नाही. देवाने का नेलं याची उत्तरं पानोपानी आहेत, हुंदका मात्र कुठेच नाही.'

अरे वा! आमची धाकटी लेक गेली त्या वर्षी लिहिलेलं पुस्तक ते. तिलाच अर्पण केलेलं. आणि मला हुंदके शिकवता?

संपादकांनी उत्तराला एक पान दिलं होतं, मी चार खरडली. 'उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी' अशी झकास सुरुवात केली आणि बायकोला हाक मारली. आमची जुनी पद्धत आहे. मी लिहायचं, तिने मोठ्याने वाचायचं, ती अडखळेल तिथे मी खोडायचं. सगळी पुस्तकं तिच्या तोंडून गेलीत, हे एक सोडून. तेव्हा म्हणाली होती, चष्म्याचा नंबर वाढलाय, बारीक अक्षर दिसत नाही.

ती आली. माझे कागद तिने बाजूला सारले, नियतकालिक उचललं आणि त्याच जुन्या चष्म्यातून मुंगीएवढ्या अक्षरातलं परीक्षण उभ्याउभ्या वाचायला लागली. 'हुंदका' शब्दापाशी अडखळली.

"अगं, तुला दिसतंय की!"

"तेव्हाही दिसत होतं," ती म्हणाली. "तिसऱ्याच पानावर तुम्ही देवाला माफ करून मोकळे झालात. माझं व्हायचं होतं अजून. पुढे वाचवेना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे? तुमच्याकडे प्रत्येक प्रश्नाला शास्त्रातलं वचन तयार! सोनारानेच कान टोचले ते बरं झालं." ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. धाकटी गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच.

मला एक वचन आठवलं. गिळलं. तिच्याशेजारी जाऊन बसलो, आणि मग मलाही आवरेना.

उत्तराला अर्धं पानसुद्धा लागलं नाही. 'बाई, तुमचं म्हणणं खरं आहे. नव्या आवृत्तीत पुस्तक पुन्हा लिहीन. तुमच्यामुळे आमच्या घरात राहून गेलेलं रडणं झालं. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.'

बायकोने मोठ्याने वाचलं. 'आमच्या घरात'पाशी अडखळली.

"खोडू?" मी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "फक्त खाली माझीही सही घ्या."