वजा एकोणऐंशी

आमच्या घरातला वजनकाटा चार महिने बंद होता. म्हणजे मीच बंद ठेवला होता. बॅटरी काढून फेकून दिली आणि बायकोला, अनुराधाला, सांगितलं की काटा गेला. वजन मी बंदरावरच्या जिममध्ये करतो, असंही सांगून टाकलं. टौरंगाच्या बंदरात मी क्रेनचा इंजिनीअर आहे. तिथे जिम आहे हे खरं, आणि जिमशेजारच्या डेअरीत (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) चिकनचं सारण भरलेला गरम पाय फार सुरेख मिळतो, हेही खरं.

अनुराधा नर्स आहे. सप्टेंबरात माझ्या साखरेचा रिपोर्ट पाहून तिने अट घातली, आठ किलो उतरव, मग जानेवारीत इराकडे बुसानला जाऊ. इरा आमची एकुलती एक मुलगी, दीड वर्षापासून तिथे शाळेत इंग्रजी शिकवते. मला पोरीला भेटायचं तर होतं, आणि पाय सुटत नव्हता. तेव्हा मी नुसतं तोंडानेच वजन उतरवत गेलो. डिसेंबरात एकोणऐंशीवर आलो आणि तिने तिकिटं काढली.

निघायच्या आदल्या दिवशी, इथल्या जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात, सगळं गाव जांडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून समुद्रावर चाललं होतं आणि आम्ही घामाघूम होऊन स्वेटर भरत होतो. बुसानला कडाक्याची थंडी. दोघांत मिळून एकच बॅग, तेवीस किलोची. अनुराधाने नवी बॅटरी आणून घातली आणि काटा चक्क चालू झाला.

"बघ, नुसती बॅटरी गेली होती! आणि म्हणे इंजिनीअर," ती म्हणाली. "माझी पाठ धरलीय. तूच बॅग घेऊन उभा राहा, मी तुझे एकोणऐंशी वजा करते."

 बॅग कवटाळून काट्यावर चढलो.

"एकशे दहा, वजा एकोणऐंशी... एकतीस! आठ किलो जास्त, शेखर!"

बॅग बरोबर तेवीस किलोची होती. जास्तीचे आठ किलो माझे होते. पण हे आता बोलायचं कोणत्या तोंडाने?

"थंडीचे कपडे जड असतात," मी म्हणालो.

भाजणी बाहेर आली. भडंग आलं. माझे बूट आले, माझी लाडकी दुर्बीण आली. दुर्बिणीवरून मी भांडलो नाही, तेव्हाच खरं तर तिला संशय यायला हवा होता. पुन्हा काट्यावर चढलो. एकशे सहा.

"अजून चार," म्हणत ती जमिनीवर बसली. तिने स्वतःची शाल काढली, आणि मग कुकर काढला.

इराने एवढी एकच वस्तू मागितली होती. पोरगी आमच्याशी कायम इंग्रजीत बोलते, पण परवा फोनवर चक्क मराठीत म्हणाली होती, "आई, कुकर आण ना. शिट्टीवाला."

अनुराधा कुकर मांडीवर घेऊन बसून राहिली. "दीड वर्षाने भेटतेय पोरीला. एक गोष्ट मागितली तिने, तीही नेता येऊ नये?" तिचे डोळे भरून आले.

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. बॅग खाली ठेवली आणि रिकाम्या हातांनी काट्यावर चढलो.

"आता बघ," मी म्हणालो.

तिने वाकून आकडा पाहिला. सत्त्याऐंशी. मग माझ्याकडे पाहिलं. मी आरडाओरड्याची वाट बघत डोळे मिटून घेतले.

"चार महिने मी निर्धास्त झोपत होते रे," ती हळूच म्हणाली. "क्लिनिकमध्ये पेशंटना तुझं उदाहरण देत होते."

त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. "चुकलो," एवढंच म्हणालो.

तिने बॅग पुन्हा पुढ्यात ओढली. कुकर बॅगेत गेला, शाल गेली, भाजणी गेली, माझे बूट आणि दुर्बीणसुद्धा गेली. भडंग मात्र बाहेरच राहिलं. मग बॅगेच्या तळाशी हात घालून तिने एक पिशवी ओढून काढली. आत माझ्यासाठी घेतलेल्या दोन नव्या पँट्स होत्या, लेबलांसकट, दोन नंबर लहान. बुसानला पोचल्यावर द्यायच्या म्हणून लपवलेल्या.

"ह्या इथेच राहू देत." पँट्सची नीट घडी करून तिने त्या कपाटात ठेवल्या. "तू मात्र चल."

माझा जीव भांड्यात पडला. "बुसानला ना?"

"बुसानला. आणि तिथे गेल्यावर समुद्राकाठाने, रोज तासभर."