न सोडलेला हक्क

ड्यूसबर्गच्या मशिदीच्या अंगणात रिझाची शवपेटी दगडी चौथऱ्यावर ठेवली होती. रिवाजाप्रमाणे इमामांनी जमलेल्यांना विचारलं, "या माणसावर तुमचा काही हक्क उरला असेल, तर तो हलाल करता का, माफ करता का?"

"हलाल असो," सगळे म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाले. मेल्या माणसाला तेवढं पुरतं. देणंघेणं मिटतं, तो सुटतो. मागे बायकांच्या घोळक्यात उभी असलेली त्याची बायको हुरमुझ मात्र मूग गिळून गप्प राहिली. 'पुढच्या उन्हाळ्यात नेतो' म्हणून हा बाबा जर्मनीला आला आणि पोरांना मिसरूड फुटेपर्यंत तिला गावीच ठेवलं. इथे दुसरीबरोबर संसार थाटला होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. त्या सगळ्या उन्हाळ्यांवर एका शब्दात पाणी सोडायचं?

मक्केकडे तोंड करून त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हुरमुझ चहा घेऊन वळली, तर रिझा खिडकीशी खुर्चीत बसलेला. अंगावर कफन, गुसलच्या, शेवटच्या आंघोळीच्या पाण्याने ओले केस, खोलीभर कापराचा वास. बोलत काहीच नव्हता, नुसता तिच्या ओठांकडे बघत होता. तिच्या हातातला पेला गळून पडला. मग तो रोजच येऊ लागला.

तिने नणंदेला सांगितलं. नझमिये आधी रडली, मग चिडली.

"वहिनी, एक शब्द तर आहे. टाक आणि मोकळी हो. का त्याला छळतेस?"

"मी छळते? उभ्या जन्मात तुझा भाऊ माझ्याकडे काही मागायला आला नाही गं."

"आता आलाय ना? मग दे की."

हुरमुझला ते पटलं. भीतीने तिची झोप उडाली होती, अन्न जात नव्हतं. दुपारी ती पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरून त्याच्यासमोर बसली. तिने तोंड उघडलं मात्र, रिझा पुढे झुकला. जायला उतावीळ झालेला तो चेहरा तिने गावच्या बसथांब्यावर पाहिला होता. शब्द निघाला की खुर्ची रिकामी. परत एकदा.

तिने तोंड मिटलं. मग त्याच्यासमोर चहाचा पेला ठेवला.

"बसा की," ती म्हणाली. "एवढी कसली घाई?"