पात्याचं वजन

भागवतनं हेलिकॉप्टर बनवल्याची बातमी रेणुकादास औंढेकरला त्याच्याच वर्गात कळली. लातूरच्या त्या क्लासमध्ये सकाळी सहाची बारावीची तुकडी बसली होती, एका हॉलमध्ये दीडशे पोरं, आणि फळ्यावर वर्तुळाकार गतीचं गणित अर्धं झालेलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. सर, औशाला एका वेल्डिंगवाल्यानं एकट्यानं बसायचं हेलिकॉप्टर केलंय म्हणे, ते खरंच उडेल का, असं तिनं विचारलं. वर्ग हसला. रेणुकादासही हसला आणि फळ्याकडे वळून त्यानं उरलेलं गणित सोडवलं. उत्तर चुकलं. पहिल्या बाकावरच्या पोरानं ते दाखवून दिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण दोनदा तोच आकडा लिहिलाय.

वेल्डिंगवाल्याचं नाव विचारायची त्याला गरज नव्हती. औशात असलं वेड असणारी माणसं दोनच होती. त्यातला एक लातूरला येऊन मास्तर झाला होता.

भागवत आणि तो पहिलीपासून एका शाळेत. डालड्याचा डबा कापून पाती करायची, ती वळवून काडीवर बसवायची आणि दोरीनं हिसका देऊन उडवायची, हा दोघांचा उन्हाळ्यातला उद्योग. पुढे भागवत बारावीला नेमका भौतिकशास्त्रातच नापास झाला आणि आयटीआयला गेला. रेणुकादास नांदेडला एम.एस्सी. झाला, तिथल्याच कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागला. गुरुद्वाऱ्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला घरगुती विमानांची अमेरिकन मासिकं सापडली. परसात बसून एका माणसापुरतं हेलिकॉप्टर बनवणाऱ्या लोकांचे त्यात फोटो असत. कुणी सुतार, कुणी शेतकरी. तो ती मासिकं उशाशी घेऊन झोपायचा.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. रेणुकादास कॉलेजच्या पोरांबरोबर किल्लारीकडे गेला, भागवत पत्र्याची शेडं उभी करायला आला. चौथ्या दिवशी जवळच्या तुरीच्या रानात लष्कराचं हेलिकॉप्टर उतरलं. भोवती दगडांचे ढीग, त्याखाली माणसं, आणि हे दोघं मान वर करून पात्यांकडे बघत उभे. आपण अशा जागी हे बघतोय याची दोघांनाही लाज वाटली, पण मान कुणीच खाली घातली नाही. त्या दिवशी ठरलं, की आपणही एक करायचं. गणित रेणुकादासचं, लोखंड भागवतचं.

गणित पाच वर्षं चाललं. सात जाड वह्या भरल्या. भागवत दर दिवाळीला विचारायचा, सुरू करू का. रेणुकादास म्हणायचा, थोडं बाकी आहे. त्याला खरंच तसं वाटायचं. दरम्यान त्याचं लग्न झालं, लातूरच्या क्लासचं वारं नांदेडपर्यंत आलं, आणि गुरुपादप्पा सरांनी त्याला आपल्या क्लासमध्ये बोलावून घेतलं. मागच्या दिवाळीला भागवतनं काही विचारलं नाही. रेणुकादासला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

रविवारी तो एसटीनं औशाला गेला. भागवतच्या शेडसमोर पंधरा-वीस माणसं उभी होती, एक म्हातारा तर जेवणाचं फडकं घेऊनच बसला होता. आत ते यंत्र उभं होतं. चौकोनी नळ्यांचा सांगाडा, मागे भंगारातल्या मारुतीचं इंजिन, पुढे पाय तोडलेली प्लास्टिकची खुर्ची, लांब शेपटी आणि तिच्या टोकाला छोटा पंखा. वर दोन पाती, ऍल्युमिनियमची, घासून घासून चकचकीत केलेली. रेणुकादासनं नळीवरून हात फिरवला. वेल्डिंगचा एकेक टाका सारखा आणि बारीक होता. आपल्याला असा एक टाकाही जन्मात जमणार नाही हे त्याला कळलं, आणि घशाशी काहीतरी आंबट आलं.

भागवतला मात्र मनापासून आनंद झाला होता. तो हात पुसत आला. "रेणू, मी तुला सांगनारच व्हतो. पर म्हनलं आधी उभं तर ऱ्हाऊ दे. तुझ्या वहीतलं जेवढं ध्यानात व्हतं तेवढं घेतलंय, बाकी अंदाजानं केलंय."

अंदाजानं हा शब्द रेणुकादासला लागला. पाच वर्षं रात्रीचा दिवस करून जे कागदावर आणलं, ते या माणसानं अंदाजानं शेडमध्ये उभं केलं होतं. भागवतची बायको सिंधु चहा घेऊन आली. लोक आता ह्यांना हेलिकॉप्टरवाले म्हणतात, ती म्हणाली, आणि लाजत हसली. रेणुकादासनं चहा घेतला. तो त्याला गोड लागला नाही.

मग तो पात्यांपाशी गेला. एक पातं हातानं उचलून पाहिलं, आणि तिथंच थांबला. पात्याच्या उघड्या टोकातून आतली आधाराची लोखंडी नळी दिसत होती, आणि ती रुंदीच्या बरोबर मधोमध होती. रेणुकादासच्या तिसऱ्या वहीत चार पानं याच गोष्टीवर होती. पात्याचं वजन पुढच्या कडेकडे हवं. ते मधे किंवा मागे पडलं, तर वेग वाढल्यावर पातं पिळायला लागतं, फडफडतं आणि तुटतं. असं तुटलेलं पातं कुठे जाईल याचा नेम नसतो.

भागवत मागेच उभा होता. "काही कमी-जास्त दिसतंय का?" त्यानं विचारलं.

रेणुकादासनं पातं खाली सोडलं. "नाही," तो म्हणाला. "छान जमलंय."

चाचणी पंधरवड्यानंतरच्या रविवारी, गावाबाहेरच्या माळावर होती. भागवतनं त्याला आग्रहाचं बोलावणं केलं.

परतीच्या एसटीत रेणुकादासनं स्वतःची समजूत घातली. ते इंजिन तेवढा वेग घेणारच नाही. यंत्र जमिनीवरच घुरघुरत बसेल. त्याच्या डोळ्यांसमोर भागवतला काही झाल्याचं चित्र आलं नाही, ते त्यानं येऊच दिलं नाही. त्याला दिसत होतं ते एवढंच, की पातं वाकलंय, लोक हसत घरी गेलेत, आणि भागवत वही मागायला लातूरला त्याच्या दारात आलाय.

हे चित्र आठवडाभर पुरलं. मग त्याला तडे जाऊ लागले. श्रद्धानं, त्याच्या बायकोनं, जेवताना सहज विचारलं, की भागवतभाऊजींचं ते यंत्र धोक्याचं तर नाही ना. तो तिच्यावर खेकसला, आणि लगेच ओशाळला. वर्गात पोरं रोज औशाच्या बातम्या आणत. भागवतचा फोटो निघालाय, भागवतकडे उदगीरहून कुणी बघायला आलं होतं. त्याचं नाव ऐकलं की रेणुकादासच्या छातीत कुणीतरी खडू कचकन मोडल्यासारखं व्हायचं. सांगावं असं दिवसातून दहा वेळा वाटायचं. एकदा तर तो फोनच्या टपरीपर्यंत जाऊन आला. आत कुणीतरी बोलत होतं. दोन मिनिटं थांबला असता तर जागा मोकळी झाली असती.

चाचणीच्या दिवशी तो सकाळी स्टँडवर गेला, आणि औशाची पहिली गाडी त्यानं समोरून जाऊ दिली. दुसरीत चढला. गाडी सुटल्यावर पहिल्यांदा त्याला खुर्चीत बसलेला भागवत दिसला, आणि भागवतच्या डोक्यावर एक हात उंचीला ते पातं. औशाच्या अलीकडेच उतरून तो माळाकडे पळत सुटला. तिशी ओलांडलेला मास्तर, पायात चपला, ढेकळांतून पळतोय. गर्दी दिसली आणि इंजिनाचा आवाज आला.

माणसांना ढकलत तो पुढे घुसला. भागवत खुर्चीत बसून पट्टा आवळत होता. पाती अजून फिरत नव्हती.

"भागवत, उतर. पात्याचं वजन..." रेणुकादासला दम लागला होता.

"पुढच्या कडंला शिसं भरलंय," भागवत शांतपणे म्हणाला.

भागवतनं इंजिन बंद केलं आणि फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "त्या दिवशी तू पातं उचललंस आन् तुझे डोळे तिथंच थांबले. लहानपनापासून वळखतो मी ते डोळे. तू न्हाई म्हनलास, पर मला झोप लागंना. मंग बुधवारी खुर्चीत वाळूचं पोतं बांधलं, यंत्र खाली जखडलं, आन् लांबून वायर वढून पळवलं. पातं तुटलं. शेडच्या पत्र्याला भोक पडलंय, जाऊन बघ. पोतं मधून फाटलंय."

रेणुकादासनं मान वर करून पात्यांकडे पाहिलं.

"जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून नवी पाती केली," भागवत म्हणाला. "आता मागं सरक. पाती फिरत्यात."

इंजिन पुन्हा सुरू झालं. धूळ उठली, बायकांनी पदर तोंडावर घेतले. यंत्र थरथरलं, एका पायावर कललं, सावरलं, आणि उचललं गेलं. कमरेएवढं. भागवतचा चेहरा घामानं चमकत होता आणि तोंड लहान पोरासारखं उघडं होतं. यंत्र अर्धवट वळलं, आठ-नऊ सेकंद तसंच तरंगलं, आणि धाडकन खाली आलं. यंत्राचा एक पाय वाकला. लोक आरडाओरडा करत धावले. रेणुकादास जागचा हलला नाही. भागवत वाचला म्हणून आपल्याला हायसं वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. ते वाटलंही, पण त्याच्या खाली, तितकंच जागं, ते आंबट होतंच. ते आठ-नऊ सेकंद त्याचे नव्हते.

गोष्ट तिथं संपली असती तर त्याला बरं झालं असतं. पण लातूरच्या एका दैनिकाचा बातमीदार आला होता. भागवतनं त्याला सांगितलं, की पात्यातला दोष औंढेकर सरांच्या नजरेला आला म्हणून आपण आज जिवंत आहोत. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. गुरुपादप्पा सरांनी कात्रण मोठं करून क्लासच्या दर्शनी भागात लावलं आणि सगळ्या तुकड्यांसमोर रेणुकादासला हार घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची ती मुलगी तर उभी राहून वाजवत होती. रेणुकादासनं हार घालून घेतला. नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पुढचे चार-पाच दिवस तो त्या कात्रणाखालून मान खाली घालून जात राहिला. भागवतनं हे उपकार म्हणून केलं की सूड म्हणून, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो औशाला गेला. भागवत सामान आणायला सोलापूरला गेला होता, दारात सिंधु होती. रेणुकादासनं उभ्यानंच सांगून टाकलं. मला तो दोष दिसला होता वहिनी, आणि मी मुद्दाम बोललो नाही.

सिंधु धान्य निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला म्हाईत हाय भावजी," ती म्हणाली. "ह्यांनी पोतं फाटलं त्याच दिवशी सांगितलं. पेपरात तसं का सांगितलं म्हून मी भांडले. तर म्हनले, रेणूच्या डोळ्यांनी सांगितलं, ते खोटं न्हाई." सूप पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "माझ्या मनातून अजून गेलं न्हाई."

तिनं बस म्हटलं नाही, की चहाचं विचारलं नाही. या घरात असं पहिल्यांदाच होत होतं. तो शेडकडे गेला. पत्र्यातलं भोक त्याच्या डोक्याच्या उंचीवर होतं, कडा बाहेरच्या बाजूला उलटलेल्या. पलीकडे सिंधुची कपडे वाळत घालायची तार होती.

पावसाळा संपता संपता भागवतच त्याच्याकडे आला, मोठा कागद घेऊन. दुसरं यंत्र करायचं होतं, हलकं, उंच जाणारं. काही झालंच नाही अशा थाटात त्यानं कागद पसरला. "बघून दे," तो म्हणाला. "पर ह्या बारीला तोंडानं सांग."

रेणुकादास दोन तास त्या कागदावर वाकून बसला. आराखडा चांगला होता. काही ठिकाणी तर त्याच्या वह्यांपेक्षा चांगला होता, आणि ते दिसलं तसं त्याचं मन पुन्हा काळवंडलं. शेपटीजवळ त्याला एक चूक सापडली. पंख्याचा दांडा ज्या सांध्यावर टेकत होता, तो सांधा ते हादरे सोसणार नव्हता. त्यानं पेन्सिल उचलली, खाली ठेवली, आणि श्रद्धाला पाणी मागितलं. पाणी पिऊन होईपर्यंत भागवत त्याच्याकडे बघत होता.

"हा सांधा तुटेल," रेणुकादास म्हणाला. "इथे दुहेरी आधार लागेल."

भागवतनं वाकून पाहिलं, मान डोलावली आणि तिथं खूण केली. सांगून रेणुकादासला हलकं वगैरे वाटलं नाही. त्यानं कागदाची पुढची घडी उघडली आणि तो पुढचा भाग तपासू लागला.