कार्बन डायऑक्साइडची बारीक रेघ

"सुदाम, इथे सही कर," म्हणत देवदत्त सरांनी स्टोअरच्या काउंटरवर कागद ठेवला. सर स्वतः तळमजल्यावर आले, ही चार वर्षांतली पहिलीच वेळ. मागे त्यांची जुनी विद्यार्थिनी राजसी उभी होती, हातात परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स घेऊन.

सुदामने कागद वाचला. 'जून २००३ मधील प्रयोगाच्या वेळी उपकरणात गळती नव्हती.' खाली त्याचं नाव टाइप केलेलं.

सुदाम खरवईचा, आयटीआय झालेला फिटर. अंबरनाथच्या या लहानशा संशोधन केंद्रात निर्वात यंत्र त्याने बारा वर्षं सांभाळलं. आत वायू सोडायचा, त्यावर अतिनील प्रकाश पाडायचा, की रेणूंमधून उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आलेखावर रेघांनी उमटायची. बाहेरची हवा आत शिरली तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तो एकेका सांध्याला ब्रशने ॲसिटोन लावायचा आणि गेजच्या काट्याकडे बघत बसायचा. काटा हलला की तिथे गळती.

त्या जूनमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात, नियमाने काही यायला नको तिथे, एक बारीक रेघ आली. सर म्हणाले, गळती. सुदामने तीनदा सगळे सांधे तपासले.

"लीक नाय सर. हवा असती तर नायट्रोजनची रेघ पण आली असती ना."

फिटरने नायट्रोजनची गोष्ट काढावी, हे सरांच्या पचनी पडलं नाही. 'माझ्या निष्काळजीपणामुळे गळती राहिली' असं त्यांनी लिहून मागितलं, नाहीतर नोकरी गेली म्हणून समज. त्याची मुलगी पायल तेव्हा अकरावीत होती. सुदामने लिहून दिलं. रेघ राजसीच्या प्रबंधातून वगळली गेली आणि सुदाम यंत्रावरून स्टोअरमध्ये आला. राजसी तेव्हा काहीच बोलली नाही. तिलाही पीएचडी पुरी करायची होती.

"काका, ती रेघ खरी होती," राजसी आता म्हणाली. "इलेक्ट्रॉन वेगळा आणि अणूंची थरथर वेगळी, असं आपण धरून चालतो. पण ती दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. त्या गुंत्यामुळे रेणूची एक अवस्था दुसरीकडून थोडा जोर उसना घेते आणि दिसू नये ती रेघ दिसते. या परदेशी लोकांनी आता तेच छापलंय."

"आपण त्यांच्या चार वर्षं आधी पाहिली, तसं मासिकाला कळवायचंय," सर म्हणाले. "कर सही. सोमवारपासून तुला परत यंत्रावर घेतो."

गेली चार वर्षं सुदामला एवढंच हवं होतं. पहिल्या वर्षी हे ऐकलं असतं तर तो तिथेच रडला असता. आता त्याने नुसतं पेनचं टोपण काढलं.

"पण सर, आधीचं पण मीच लिवलेलं हाय. लोक विचारतील ना, तवा खोटं का लिवलं?"

"म्हणायचं, घाईत तपासायचं राहून गेलं होतं. त्यात काय एवढं?"

म्हणजे रेघ सरांची आणि घाई पुन्हा सुदामचीच. वा रे न्याय!

सुदामने टाइप केलेल्या ओळीखाली सावकाश लिहिलं: 'मी तीनदा तपासलं होतं. गळती होती असं सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं.' मग सही केली, तारीख घातली आणि कागद सरांकडे सरकवला.

सरांनी वाचलं. कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि ती खिशात टाकली.

"बघू," म्हणाले आणि जिना चढून गेले. आता तो कागद कुठेही पाठवला जाणार नव्हता आणि सोमवारही येणार नव्हता, हे तिघांनाही कळलं.

राजसी तिथेच राहिली.

"काका, मी पण तेव्हा गप्प बसले. तुम्हाला राग नाही येत माझा?"

"यायचा मॅडम. पयल्या वर्षी लय यायचा."

त्याने खरंच आत चाचपून पाहिलं. राग नव्हता, आनंदही नव्हता. भूक मात्र लागली होती.

तेवढ्यात वर्कशॉपचा बबन रबरी रिंगा मागायला आला. सुदामने मापाच्या रिंगा काढून दिल्या, रजिस्टरवर त्याची सही घेतली. बबन गेला तरी राजसी काउंटरला धरून उभीच होती, डोळे भरलेले.

सुदामने तिच्याकडे पाहिलं आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा तसंच विचारलं, "बोला मॅडम, काय देऊ?"