मित्रोवदानचं आमंत्रण नसतं

ऑगस्ट लागला त्याच दिवशी वुकोसाव व्हिएन्नाहून गावच्या घरी आला आणि सामान उतरवायच्या आधी त्यानं फ्रिजवर एक छापील कागद चिकटवला.

"हे काय?" रादोयका घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिनं मानही वर केली नाही.

"पुढच्या वर्षीचं वेळापत्रक, ताई. मला सुट्टी मिळते ऑगस्टमध्ये, पोरांनाही तेव्हाच. मग वर्षभर सण पसरून ठेवायचे कशाला? सगळं तीन आठवड्यांत बसवलंय. बाबांचं वर्षश्राद्ध, डुक्कर कापणं, आपल्या कुळस्वामीची स्लावा. सतरा तारखेला स्लावा."

रादोयकानं हात पुसले आणि कागद नीट वाचला. बावन्न वर्षांची ही बाई गावात टपाल वाटायची, कागद वाचायची तिला सवय होती.

"सतरा ऑगस्टला दोन आठवड्यांचा उपास चालू असतो, मांस-दूध काही चालत नाही. पाहुण्यांना काय वाढशील, काकडी? आणि या उन्हात डुक्कर कापलंस तर धुराला टांगायच्या आधी माश्याच त्याचं श्राद्ध घालतील."

खिडकीपाशी बसलेला स्तोयादिनकाका हसला, पण लगेच गंभीर झाला. तो त्यांच्या वडिलांचा धाकटा भाऊ. मार्चमध्ये थोरला, म्हणजे यांचे वडील ओब्रेन, गेल्यापासून घराण्याचा शेवटचा शब्द आपला, असं तो धरून चालला होता.

"तारखेचं बघता येईल," काका म्हणाला. "पण मुलाचं बरोबर आहे. स्लावा बापाकडून मुलाकडे जाते. तो म्हणेल तेव्हा, तो म्हणेल तिथे. यंदा तर सुतकच आहे, यंदा नकोच."

"सुतकात गाणं नसतं, काका. स्लावा असते. आजी गेली त्या वर्षी बाबांनी केली होती, तुम्हीच तर मासे आणले होते."

"तेव्हा घरात पुरुष होता."

रादोयकानं कागद फ्रिजवरून काढला, चुलीचं झाकण उचललं आणि तो आत टाकला.

"ताई! अगं दुसरा छापता येतो मला!"

"छाप की. चूल रोज पेटते."

वुकोसाव तीन आठवडे राहिला आणि फुगून परत गेला. काकानं गावभर सांगितलं की ओब्रेनच्या घरी यंदा दार बंद. रादोयकाचं वर्ष मात्र वडिलांच्या वेळी चालायचं तसंच चालू राहिलं. सप्टेंबरात तिनं ढीगभर लाल मिरच्या भाजून त्यांची चटणी बरण्यांत भरली. आलुबुखार झाडाखाली सडू दिले नाहीत. ऑक्टोबरात कोबीचे गड्डे पिंपात मिठाच्या पाण्यात घातले. प्रत्येक कामात वडिलांचा हात आठवे आणि डोळे भरून येत, पण हात थांबत नसत. हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "आठ नोव्हेंबरसाठी." आठ नोव्हेंबर म्हणजे मित्रोवदान, संत दिमित्रीचा दिवस. तोच त्यांचा कुळस्वामी.

अडचण एकच होती. स्लावेला कुणाला बोलवत नाहीत. ज्याला माहीत आहे तो आपणहून येतो. बोलावणं पाठवलं तर तो कुळस्वामीचा अपमान. आणि यंदा सगळ्या गावाला माहीत होतं ते एवढंच, की दार बंद.

तरी टपाल वाटताना तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

त्या वर्षी मित्रोवदान शुक्रवारी आला, म्हणजे उपासाचा: मांस-दूध नाही, पण मासा चालतो. तिनं नदीतला मासा भाजला, भात-अक्रोडाचं सारण कोबीच्या पानांत गुंडाळलं, गहू शिजवून साखर-अक्रोडात मळले. क्रूसाचा ठसा उमटवलेला गोल पाव, कोलाच, मधोमध ठेवला. मेणबत्ती लावली आणि यजमान उभा राहतो तशी टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. स्लावेच्या दिवशी यजमान बसत नाही.

नऊला गावचा पाद्री आला. त्यानं खोलीत नजर फिरवली.

"यजमान कुठे आहे?"

"तुमच्यासमोर उभा आहे, फादर."

पाद्रीनं दाढी खाजवली. "स्तोयादिन म्हणाला होता की..."

"काकांची स्लावा काकांच्या घरी. हे घर माझं."

तो क्षणभर घुटमळला, मग बाह्या सरसावल्या. दोघांनी कोलाच हातात धरून फिरवला, त्यावर लाल वाईन ओतली, मोडला. पाव सरळ मोडला.

पाद्री गेला. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी नाही. मासा गार होत चालला. पाय भरून आले, पण ती खुर्चीकडे बघेना. "नाही आलं कुणी तरी मी उभीच," ती भिंतीला ऐकू जाईल अशी म्हणाली.

साडेअकराला फाटक वाजलं. शेजारची ऐंशीची स्पासेनिया आजी काठी टेकत आली.

"स्लावा शुभ होवो, यजमान!" यजमान हा शब्द तिनं मुद्दाम रस्त्यापर्यंत जाईल असा उच्चारला. "माझा म्हातारा गेला आणि आमची स्लावेची मेणबत्ती विझली. तीन मुली घरात, पण मला कुणी सांगितलंच नाही की बाईला उभं राहता येतं. आण तो गहू."

आजीचा आवाज रस्त्यापर्यंत पोचला असावा. एक वाजेपर्यंत खोली भरली. शाळेतल्या बाई आल्या, गिरणीवाला सहकुटुंब आला. ज्यांना ती रोज पत्रं नेऊन द्यायची, ते सगळे आले. दोन वाजता स्तोयादिनकाका दारात उभा राहिला, टोपी हातात.

"पाव कुणी मोडला?"

"मी."

"वाकडा मोडला असशील."

"सरळ मोडला. बसा, काका. मासा गार झालाय, पण तो तुमच्या उशिरामुळे."

लोक हसले. काका बसला आणि दोनदा वाढून घेतलं.

चार वाजता व्हिएन्नाहून फोन आला. मागे यंत्रांची घरघर होती, वुकोसाव कामावरच होता.

"एवढा गलका कसला?"

"स्लावा आहे."

"मला न विचारता?"

"तारीख संताची आहे, वुकोसाव. तुझ्या कारखान्याची नाही आणि माझीही नाही. तुला तिथे करायची असेल तर जरूर कर, पण आठ तारखेलाच."

"पुढच्या वर्षी मी आलो तर?"

"मी बोलावणार नाही. दार उघडं असेल."

पुढच्या वर्षी त्यानं ऑगस्टच्या सुट्टीतले चार दिवस कापून नोव्हेंबरात घेतले आणि एकटाच आला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो टेबलाच्या टोकाशी जाऊ लागला. तिथे रादोयका उभी होती. ती तसूभरही हलली नाही.

"मग मी काय करू?" त्यानं हळूच विचारलं.

"पेले भर. लोक फाटकाशी आलेत."

त्यानं तबक उचललं.